खाडाखोड चालणार नाही

बँकेत नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी जे शिकवतात त्यात व्याजाचं गणित नसतं, कायदा नसतो, आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तर नसतंच नसतं. शिकवतात ते एवढंच, की आकडा चुकला तर खोडायचा नाही. त्यावर लाल शाईनं एक आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही ठोकायची. चूक जर खात्याला लागून गेली असेल तर रेघसुद्धा मारायची नाही. मग उलटी नोंद करायची आणि त्यानंतर बरोबर नोंद करायची. म्हणजे एका चुकीपायी तीन नोंदी. जगात इतरत्र माणसं आपल्या चुका झाकतात. बँकेत मात्र त्या सहीनिशी जतन करतात.

हा शहाणपणा काही आमच्या बँकेचा नाही. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या साधूनं 1494 साली व्हेनिसमध्ये गणिताचं एक जाडजूड पुस्तक छापलं आणि त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची जमा-नावेची पद्धत नीट मांडून दाखवली. तेव्हापासून जगभरच्या कॉमर्सच्या विद्यार्थ्यांच्या कपाळी ती लिहिली गेली. पाचोलीचं नाव मी बी.कॉम.ला घोकलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. ते पुन्हा आठवायला माझा भाचा निमित्त झाला, आणि तेही संगणकाच्या भानगडीत.

भाचा पुण्याला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. त्या रविवारी तो आला तो नेहमीसारखा "मामी, काय केलंयस?" असं ओरडत आला नाही. मुकाट्यानं बूट काढून बसला. सौ.नं पोहे पुढे ठेवले, तर त्यातले शेंगदाणे वेगळे करत राहिला. आमच्या घराण्यात पोह्यातले शेंगदाणे वेगळे करणं हे गंभीर दुखण्याचं लक्षण मानतात.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"मामा, सोमवारी माझा प्रोग्रॅम बंद करतायत."

आठ महिने खपून त्यानं कर्जाच्या हप्त्यांचं कोष्टक काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. उत्तरं पैशापर्यंत बरोबर येत होती, पण यायला वेळ फार लागत होता. लिहिला होता ओकॅमल नावाच्या फ्रेंच भाषेत. साहेबांचा राग त्या भाषेवर. साहेबांचं म्हणणं असं, की वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते 240, खाती एक लाख, आणि हा पठ्ठ्या प्रत्येक हप्त्याला जुनी वस्तू बदलत नाही, नवीच करतो. म्हणजे 2 कोटी 40 लाख वस्तू! इतक्या वस्तू करणाऱ्याचं दिवाळं नाही वाजणार तर काय? त्यापेक्षा एकच वस्तू घे, तिच्यावरचा आकडा पूस आणि नवा लिही. नाहीतर सगळं दुसऱ्या भाषेत नव्यानं लिहायचं, आणि ते भाचा नव्हे, दुसराच कोणीतरी लिहिणार.

'आकडा पूस' हे शब्द कानावर पडताच माझ्यातला कारकून ताठ बसला.

"थांब, थांब. तुझ्या भाषेत आकडा पुसत नाहीत?"

"नाही ना. फंक्शनल भाषेचा धर्मच तो. शिल्लक म्हणजे 5000 असं एकदा म्हटलं की ती शिल्लक 5000च. तू हजार रुपये काढलेस तर 5000चे 4000 होत नाहीत. 4000 अशी दुसरी शिल्लक जन्माला येते. पहिली जागच्या जागी असते."

"अरे, मग हे आमचं लेजरच की!" मी ओरडलो. गणित चांगलं असलेली पोरं इंजिनियरिंगला गेली, मी कॉमर्सला गेलो, आणि इतक्या वर्षांनी कळतंय की ती फिरून माझ्याच वर्गात येऊन बसली आहेत. त्या आनंदात मी भाच्याच्या बाजूचे शेंगदाणे खाऊन टाकले.

आता कॉस्टिंगच्या पेपरात एक गोष्ट शिकवतात. खर्च म्हणजे नग गुणिले दर. साहेबांनी नग मोजले होते, 2 कोटी 40 लाख. तो आकडा ऐकूनच त्यांचं रक्त आटलं होतं. दर कोणी विचारलाच नव्हता. मी विचारला. एक वस्तू करायला पडतं काय?

भाच्यानं समजावलं ते असं. संगणकाच्या मेमरीत जागा मिळवण्याच्या दोन तऱ्हा. सी भाषेत जागा मागितली की मॅलॉक नावाचा अधिकारी आपल्या वह्या काढून कुठं मोकळं आहे ते पाहतो, जागा देतो आणि काम झालं की ती परत करायची असते. परत केली नाही तर बोंब, दोनदा केली तर मोठी बोंब. हा अधिकारी आता पूर्वीइतका मंद राहिलेला नाही, पण वही उघडल्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

दुसरी तऱ्हा ओकॅमलची. पूर्वी एस.टी.च्या कंडक्टरकडे तिकिटांचे गठ्ठे असत. आता मशीन आलं, पण ते गठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही तऱ्हा लगेच कळेल. तिकीट द्यायचं तर कंडक्टर कुठं शोधाशोध करत नसे. वरचं फाडायचं, पंच मारायचा, पुढे सरकायचं. गठ्ठा संपला तरच थांबायचं. ओकॅमल तेच करतं. एक वजाबाकी करून खूण पुढे सरकवायची, गठ्ठा संपला का ते एकदा पाहायचं, आणि मिळालेल्या जागेत लिहायचं. झाली वस्तू! शिल्लक आणि व्याज असे दोन पूर्णांक ठेवणारी चिठ्ठी म्हणजे एक मथळा आणि दोन आकडे, प्रत्येकी 8 बाइट, एकूण 24 बाइट.

"आणि गठ्ठा केवढा?"

"कोणी मुद्दाम बदलला नसेल तर 2,62,144 शब्दांचा. 8 बाइटांचा एक शब्द. म्हणजे 2 एमबी."

मी पाठच्या कोऱ्या कागदावर भागाकार केला. एका गठ्ठ्यात 87,381 चिठ्ठ्या मावतात. 2 कोटी 40 लाख चिठ्ठ्यांचे 57 कोटी 60 लाख बाइट, म्हणजे गठ्ठा सुमारे 275 वेळा संपणार. सरकारी कचेरीत 275 वेळा एखादी गोष्ट संपली तर नवी मागवेपर्यंत माणूस निवृत्त होतो. संगणकाला त्याचं काही वाटत नाही म्हणतात.

"पण मग फाडलेल्या तिकिटांचं काय?" सौ. आतून म्हणाली. तिला घरातला केर काढावा लागतो, त्यामुळे 'नवी वस्तू' ऐकलं की तिच्या डोळ्यांपुढे आधी जुनी येते.

प्रश्न बिनतोड होता, आणि तो पहिल्यांदा अमेरिकेत पडला. एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी 1958 साली लिस्प भाषेचं काम सुरू केलं, ते आयबीएम 704 नावाच्या यंत्रावर. त्या भाषेत वस्तू भराभर जन्मत, आणि टाकून दिलेल्यांची व्यवस्था माणसावर सोपवली तर त्याचं दुसरं काही कामच झालं नसतं. म्हणून त्यांनी यंत्रालाच झाडू दिला. जी वस्तू कोणाच्याच उपयोगाची राहिली नाही ती यंत्रानं आपली आपण ओळखायची. याला म्हणतात गार्बेज कलेक्टर. पहिला गार्बेज कलेक्टर जरा भाबडा होता. कामाची प्रत्येक वस्तू शोधून तिच्यावर खूण करायचा आणि मग सगळ्या घरभर फिरून बिनखुणेच्या वस्तू गोळा करायचा. तेवढा वेळ बाकी काम ठप्प. लिस्प मंद अशी जी ओरड झाली तिच्यातला बराचसा वाटा या झाडलोटीचा.

पुढे 1970 साली चेनी नावाच्या गृहस्थांनी एक सुटसुटीत युक्ती मांडली. ती बँकेतल्या बदलीच्या नोकरीवाल्याला सांगायची गरज नाही. बदली झाली की आपण जुनं घर झाडत बसतो का? कामाचं तेवढं ट्रकात घालतो, नव्या घरी लावतो, आणि जुन्या घराकडे पाठ फिरवतो. मागं राहिलेलं एक एक करून उचलत नाही, मोजत तर नाहीच. चेनींच्या पद्धतीत मेलेल्या वस्तूला कोणी हातच लावत नाही. जिवंत तेवढ्या उचलून दुसरीकडे ठेवायच्या, बाकीची सगळी जागा एका फटक्यात मोकळी. म्हणून खर्च पडतो तो जिवंतांचा. मेलेले दहा असोत की दहा लाख, फुकट!

उरली एक अडचण. जुनी, कायमची बिऱ्हाडंसुद्धा दर खेपेला या घरातून त्या घरात कशाला हलवायची? लीबरमन आणि ह्युइट यांनी 1983 साली आणि डेव्हिड उंगर यांनी 1984 साली त्याचं उत्तर दिलं, आणि ते वाचून मला आमच्या कर्ज विभागाची आठवण झाली. बहुतेक वस्तू तरुणपणीच मरतात, आणि ज्या पहिल्या फटक्यातून वाचतात त्या पुष्कळ काळ टिकतात. कर्जाच्या चौकशीला येणाऱ्यांचं तसंच असतं. बहुतेक जण व्याजदर विचारून संध्याकाळपर्यंत नाहीसे होतात. जो कागदपत्र घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवतो, तो वीस वर्षं पिच्छा सोडत नाही. तेव्हा नव्यांचा ट्रे वेगळा ठेवावा आणि जुन्यांची खोली वेगळी. ट्रे भरला की त्यातले वाचलेले खोलीत पाठवावेत आणि ट्रे पुन्हा कोरा. खोलीत झाडू क्वचितच मारावा.

बँका हे कधीपासूनच करत आल्या आहेत. टेबलावर दिवसभर आकडेमोडीच्या चिठ्ठ्या साचतात, त्या संध्याकाळी टोपलीत. व्हाउचरं मात्र रेकॉर्डरूमला. शिवाय 1985 सालचे नियमच आहेत, की बँकेनं काही रजिस्टरं निदान 5 वर्षं आणि काही निदान 8 वर्षं जपून ठेवावीत. फ्रेंचांनी आणि अमेरिकनांनी आमच्या रेकॉर्डरूममध्ये डोकावून पाहिलं असतं तर त्यांचा बराच वेळ वाचला असता. शिंकाही आल्या असत्या.

"आणखी एक," सौ. म्हणाली. तिला एव्हाना गोडी लागली होती. "लाख खात्यांची वही आहे ना? एकाचा पत्ता बदलला की लाखच्या लाख खाती नवी लिहायची?"

भाच्याचे डोळे चमकले. शेंगदाणे संपल्यानंतर पहिल्यांदाच.

"मामी, वंशावळ डोळ्यांपुढे आण. पार खालच्या एका पणतूचं नाव बदललं. तर मूळ पुरुषापासून त्याच्यापर्यंतची तेवढी ओळ नवी काढायची. बाकीच्या चुलत शाखा जुन्या कागदावर आहेत तशाच नव्या ओळीला जोडायच्या. लाख नावं असली तरी नवी लिहावी लागतात ती साधारण वीसेक."

आणि जुनी वंशावळही शाबूत राहते. या विषयावर ख्रिस ओकासाकी यांनी 1998 साली एक पुस्तकच काढलं. 2001 साली फिल बॅगवेल यांनी रुंद फांद्यांचं झाड मांडलं, आणि त्या वळणावर रिच हिकी यांनी 2007 साली क्लोजर नावाची भाषा बाजारात आणली. तिच्यात एकेका गाठीला 32 फांद्या. 32 चा चार वेळा गुणाकार केला की 10,48,576 होतात, म्हणजे दहा लाख वस्तूंतली कुठलीही एक बदलायची तर चार गाठी नव्या केल्या की काम भागतं. मी तो गुणाकार हातानं करून पाहिला. बरोबर आहे.

"मग हे सगळं इतकं स्वस्त आहे," मी शेवटी कारकुनी प्रश्न विचारला, "तर तुझा प्रोग्रॅम रखडतो का?"

भाचा गप्प झाला. लॅपटॉप उघडला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक शब्द सारखा सारखा दिसत होता, तो मी बोटानं दाखवला. "हे 'क्लास, क्लास' काय आहे?"

तिथं पहिली मेख निघाली. ओकॅमलमध्ये वस्तू करायच्या दोन रीती आहेत. एक रेकॉर्ड, म्हणजे ती साधी 24 बाइटांची चिठ्ठी. दुसरी ऑब्जेक्ट. 1996 साली या भाषेला ऑब्जेक्टची सोय जोडली तेव्हा तिचं नावच 'ऑब्जेक्टिव्ह कॅमल' ठेवलं होतं. आता नुसतं ओकॅमल म्हणतात, आणि ती भाषा रोज लिहिणारे लोकही ऑब्जेक्टच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण भाचा कॉलेजात जावा शिकलेला. तिथं बहुतेक गोष्टी ऑब्जेक्ट असतात. हात तसाच वळला.

चिठ्ठी आणि ऑब्जेक्ट यांतला फरक बँकेच्या भाषेत सांगतो. चिठ्ठी म्हणजे पाठच्या कोऱ्या कागदावर दोन आकडे लिहिणं. ऑब्जेक्ट म्हणजे खातं उघडणं. त्याला स्वतःचा क्रमांक लागतो, जो दुसऱ्या कोणालाही नसतो. त्याला काय काय करता येतं त्या नियमांच्या पुस्तिकेचा पत्ता सोबत जोडावा लागतो. चिठ्ठी तिथल्या तिथं लिहून होते, ऑब्जेक्टसाठी आतल्या केबिनमध्ये जाऊन यावं लागतं. त्याला काही विचारायचं तर पुस्तिकेत पाहून विचारायचं. क्रमांक आणि पत्ता धरून वजन 24 वरून 40 बाइट. गठ्ठा 275 ऐवजी सुमारे 458 वेळा संपणार. आणि हे सगळं दर हप्त्याला! आज हप्ता भरला म्हणून गिऱ्हाइकाचं खातं नव्यानं उघडायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा उघडायचं, असं 240 वेळा. आमच्याकडे असं केलं तर तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक फोटो द्यायला नाही म्हणेल.

दुसरी मेख त्याहून मोठी होती. मधेच एक यादी दिसली.

"ही कसली यादी?"

"तपासायला ठेवली होती. प्रत्येक हप्त्याचा ऑब्जेक्ट तिच्यात जातो."

"कोणाच्या हुकमानं?"

"हुकूम कसला? राहू दे म्हटलं, असावी."

'राहू दे, असावी' या तत्त्वावर आमच्या आईनं श्रीखंडाचे रिकामे डबे, दोऱ्यांची भेंडोळी आणि एक तुटका स्टोव्ह चाळीस वर्षं सांभाळला, त्यामुळे रोग मला लगेच ओळखता आला. यादीत नाव असेल तोवर झाडूवाला वस्तूला मेलेली म्हणत नाही. म्हणजे दर खेपेला ट्रे भरला की त्यातला प्रत्येक कागद जिवंत! एकही टोपलीत जात नव्हता. सगळे उचलून खोलीत. 40 बाइटांचा ऑब्जेक्ट आणि यादीतली त्याची 24 बाइटांची कडी मिळून 64 बाइट, गुणिले 2 कोटी 40 लाख, म्हणजे 153 कोटी बाइटांच्या वर बिऱ्हाड खोलीत येऊन पडलं होतं, आणि झाडूवाला त्यातून वाट काढत हिंडत होता. मेलेले फुकट असतात हे खरं, पण भाच्याच्या घरी कोणी मरायलाच तयार नव्हतं.

जन्म स्वस्त असतो, सांभाळ महाग पडतो. दोन पोरांच्या शाळेच्या फिया भरणाऱ्या माणसाला हे कोणी प्रबंध लिहून पटवायला नको.

भाच्यानं तिथंच बसून ऑब्जेक्ट काढून रेकॉर्ड घातले. यादी काढली. ठेवायचेच होते ते आकडे हप्त्यागणिक सरळ फाइलीत उतरवले, व्हाउचर रेकॉर्डरूमला पाठवावं तसे, आणि मेमरीतल्या वस्तूंना सुखानं मरू दिलं. प्रोग्रॅम चालवला. सौ. चहा ठेवायला उठली होती, ती आधण येण्याआधीच "झालं?" म्हणत परत आली. लाखच्या लाख कोष्टकं तयार होती, आणि पैशापर्यंत जुळत होती.

आता साहेबांचीही बाजू सांगायला हवी, नाहीतर एकतर्फी निकाल होईल. पुसून लिहिणं ओकॅमलमध्ये निषिद्ध नाही, सोय आहे. नुसता पूर्णांक पुसून लिहायचा असेल तर ते खरोखरच स्वस्त आहे, आणि तेवढ्यापुरते साहेब बरोबर. पण खोलीतल्या जुन्या कागदावर जर ट्रेमधल्या नव्या कागदाचा पत्ता लिहायचा असेल, तर त्याची नोंद एका रजिस्टरात करावी लागते. नाहीतर ट्रे रिकामा करताना तो नवा कागद कोणालाच नको समजून टोपलीत जाईल. म्हणजे पुसणाऱ्यालाही सही करावी लागतेच. पुसणं फुकट, हा समज बँकेत खोटा आणि तिथंही पुरता खरा नाही.

आणि समजा ते अगदी फुकट असतं, तरी मी भाच्याच्याच बाजूनं उभा राहिलो असतो. त्याला कारण आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी एक आजी काउंटरवर आल्या. नवरा शाळेत शिपाई होता, तो वारला होता. पेटीत ठेवीची पावती सापडली म्हणून घेऊन आल्या. लेजर काढलं, तर ती ठेव केव्हाच चुकती झालेली. "पैसे नेलेत आजी तुमच्या मालकांनी," काउंटरवरून सांगण्यात आलं. आजी म्हणाल्या, "ते घरात न सांगता चारआणे खर्च करत नव्हते." रांगेतले लोक हसले. आजी हलेनात. शेवटी आमच्या वयस्कर हेडकॅशियरनी ते पान उन्हाकडे धरून पाहिलं. चुकती झालेल्या नोंदीजवळ ठेवीचा एक क्रमांक लाल रेघेनं काटला होता, वर दुसरा लिहिला होता, बाजूला बारीक सही. काटलेला क्रमांक वाचता येत होता. त्याच्या मागावर जाता जाता दुसऱ्याच रजिस्टरात ठेव सापडली. मुदत वाढवून ती नव्या क्रमांकावर गेली होती आणि पैसे कोणीही नेलेले नव्हते.

त्या अनोळखी कारकुनानं रेघ न मारता आकडा ब्लेडनं खरवडला असता, तर पान छान स्वच्छ दिसलं असतं, आणि आजी खोट्या ठरल्या असत्या.

हे मी भाच्याला सांगितलं. म्हटलं, "साहेबांना सांग, हप्त्याचा आकडा पुसला तर दोन क्षण वाचतील. पण एखादा कर्जदार तीन वर्षांनी येऊन म्हणाला, 'सतराव्या हप्त्याला माझी शिल्लक वेगळी दाखवली होती', तर त्याला दाखवायला तुमच्याकडे सतरावा हप्ता असला पाहिजे."

सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. साहेबांनी प्रोग्रॅम स्वतः दोनदा चालवून पाहिला. दोनदा अशासाठी, की पहिल्यांदा तो चालून संपला हे त्यांना खरंच वाटेना. मग म्हणाले, "राहू दे. पण पुढचं काही ठेवायचं असेल तर आधी विचारत जा." प्रोग्रॅम वाचला. भाषा वाचली. भाचा ज्या आवाजात "मामीला फोन दे" म्हणाला, त्यावरून त्याला भूकही लागली होती.

यात आमच्या घरी झालं ते वेगळंच. दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा सौ.नं माळ्यावरचं सगळं खाली काढलं आणि ट्रे-खोलीचा न्याय लावला. भाच्याकडून तिनं एक प्रश्न नेमका उचलला होता. झाडूवाला वस्तूची किंमत पाहत नाही, वय पाहत नाही. तो एवढंच पाहतो, की जिवंत असलेल्या कोणाचं बोट या वस्तूकडे आहे का? बोट असेल तर राहील. नसेल तर जाईल.

"हे डबे. कोणाचं बोट?" कोणाचंच नव्हतं. गेले.

"स्टोव्ह?" आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं बोट आता नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. स्टोव्ह गेला.

बँक इतकी कठोर नाही, हे मला त्या वेळी बरं वाटलं. खात्याला दहा वर्षं कोणी हात लावला नाही तर ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जातात. 2014 साली ती योजना आली. पण जातात म्हणजे बुडत नाहीत. वारस पुढे कधीही आला तरी त्याला मागता येतात. 2023 पासून तर शोधायला 'उद्‌गम' नावाचं पोर्टलही आहे. कोणाचं बोट दिसत नाही म्हणून बँक कोणालाही मेलेलं समजत नाही. एवढ्या एका बाबतीत आम्ही त्या फ्रेंच भाषेच्या पुढे आहोत.

तेवढ्यात सौ.नं तळातून वडिलांचं जुनं फाउंटन पेन काढलं. निब वाकलेली, टोपण नाही, आत लाल शाई वाळून दगड झालेली. वडीलही बँकेतच होते.

"आणि हे? याच्याकडे आहे कोणाचं बोट?"

मी हात पुढे केला. "माझं," म्हटलं.

तिनं ते पेन फडक्यानं पुसलं, पुन्हा डब्यात ठेवलं आणि डबा खोलीत पाठवला.